जावई कोहलीवाला निघाला

पत्राचा गोषवारा : पत्र पुण्यातल्या एका वाचकाचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वय ६१, बँकेतून निवृत्त, क्रिकेटचं वेड शाळेपासूनचं. सचिनच्या खेळींच्या नोंदी असलेल्या वह्या अजून कपाटात आहेत. मागच्या वर्षी मुलीचं लग्न झालं. जावई हिंजवडीत नोकरीला, स्वभावाने चांगले आणि कट्टर विराट कोहलीवाले. दिवाळसणाला जेवणं झाल्यावर ‘सचिन मोठा की विराट’ हा विषय निघाला. जावई म्हणाले, “सचिनने शतक मारलं की आपण हरायचो.” त्यावर सासरेबुवा व्याह्यांसमोर म्हणाले, “तुम्ही मोबाइलवर हायलाइट्स बघणारी माणसं, तुम्हाला क्रिकेट काय कळणार?” जावई हसले आणि गप्प झाले. तेव्हापासून ते आले तरी अर्ध्या तासात निघतात. मुलगी म्हणते, “बाबा, तुम्हीच फोन करा.” बायको म्हणते, “म्हणून टाका ना विराट मोठा, काय बिघडतं?” वाचक विचारतात : “खोटं कसं म्हणू? खेळाडूचं मोठेपण ठरवायची काहीतरी निर्विवाद कसोटी असेलच. ती सांगा, म्हणजे शांतपणे पटवून देतो आणि विषय कायमचा मिटवतो. ता. क. येत्या रविवारी दोघं जेवायला येणार आहेत आणि नेमका सामना आहे. टीव्ही लावू की नको?”

नमस्कार,

तुमच्या चार पानी पत्रातली साडेतीन पानं सरासरी, शतकं आणि परदेशातल्या धावांनी भरली आहेत. व्याह्यांसमोर जावयांना जे बोललात ते एका ओळीत उरकलंय, तेही कंसात. वाचताना मी त्या कंसापाशीच अडखळले. पण प्रश्न तुम्ही कसोटीचा विचारलाय, तेव्हा आधी तेच बघू. नाहीतर म्हणाल, बाईंना क्रिकेट कळत नाही म्हणून विषय बदलला.

आकडे हीच कसोटी मानायची, तर ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनपाशी सगळं संपतं. ५२ कसोटी सामने, ६,९९६ धावा, सरासरी ९९.९४. १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात चार धावा काढल्या असत्या तर पूर्ण शंभर झाली असती, तिथे शून्यावर त्रिफळा उडाला. तरीही बाकीचे सगळे इतके मागे आहेत की सचिन आणि विराट फार तर दुसऱ्या नंबरासाठी भांडतायत म्हणायचं. पण हे वाचताना तुम्ही मनात म्हणालाच असाल : ब्रॅडमन कसोटी खेळला ते फक्त ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये, आपल्याकडच्या आखाड्यावर चेंडू हातभर वळताना कुठे खेळला? रास्त शंका आहे. पण ती काढलीत तिथेच नुसत्या आकड्यावर भागत नाही हे तुम्ही कबूल केलंत.

आणि पुण्यात राहून तर आकड्यांवर इतका भरवसा ठेवूच नये. प्रा. दि. ब. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे. १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या पाहुण्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा केल्या. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ साली, तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे. झालं, राहिले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला, आणि पन्नाशीला टेकलेल्या या प्राध्यापकांनी मुंबईविरुद्ध २४६ ठोकल्या. कसोटीच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे एक धावही नाही.

दुसरे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, समोर काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. प्रथम श्रेणीतला विश्वविक्रम तेव्हा ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावांचा होता. आणखी दहा धावा झाल्या असत्या तर तो पुण्यात मोडला असता. पण चेंडू आणून आणून दमलेल्या काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला आणि संघ सामना सोडून निघून गेला. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वांत मोठी खेळी आजही तीच. निंबाळकरांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही. जे मोजायला बसतात त्यांच्या वहीत नाव चढणं, हाही नशिबाचा भाग असतो. तुमच्या वह्यांचा अपमान करायचा हेतू नाही, पण त्या वह्याही कुणीतरी सचिनला सोळाव्या वर्षी संघात घेतलं म्हणून भरल्या.

आता तुमच्या घरातल्या भांडणाकडे. “सचिनने शतक मारलं की आपण हरायचो” हे जावयांचं वाक्य साफ चूक आहे. त्याच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ३३ सामने भारताने जिंकले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे आधी सांगून टाकलं. पण असं वाक्य रुजतं कुठून तेही बघा. जानेवारी १९९९, चेन्नई, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. २७१ धावांचा पाठलाग, पाठीत उसण भरलेली, सचिन १३६. तो बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. ते तिन्ही गडी चार धावांत गेले. हा एकच डाव घेऊन तुम्ही दोघं समोरासमोर बसलात तर तुम्हाला दिसेल, एकट्याने ओढून नेलेला सामना. जावयांना दिसेल, दारात येऊन सुटलेला सामना. डाव तोच, धावफलक तोच.

म्हणजे तुमच्यात मतभेद सचिन-विराटवर आहे असं मला वाटत नाही. तुम्ही मोजताय पल्ला : १९८९ ते २०१३, २०० कसोटी, १५,९२१ धावा, शंभर आंतरराष्ट्रीय शतकं. जावई मोजतायत पाठलागात शेवटपर्यंत उभं राहणं, आणि तिथे विराट खरोखरच अचाट आहे. एकदिवसीय सामन्यांत त्याची सरासरी ५७च्या पुढे, सचिनची ४४.८३. कसोटीत उलट : सचिन ५३.७८, विराट ४६.८५. तुम्ही इंग्लंडचा २०१४चा दौरा काढणार, दहा डावांत १३४ धावा. ते २०१८चा काढणार, पाच कसोटींत ५९३. दोघंही खरं बोलताय, आणि दोघंही आपल्या सोयीचं पान उघडताय.

बरं, नियम तरी सारखे होते का? २०११च्या ऑक्टोबरपासून बरीच वर्षं एकदिवसीय डावात दोन्ही टोकांनी दोन नवे चेंडू वापरले गेले. पन्नासाव्या षटकातही चेंडू जेमतेम पंचवीस षटकं जुना. पाकिस्तानचे वकार-वसीम ज्या जुन्या चेंडूवर शेवटच्या दहा षटकांत दांड्या उडवायचे, तो रिव्हर्स स्विंग जवळपास संपलाच. हा मुद्दा तुमच्या बाजूचा. जावयांच्या बाजूचा असा की विराटच्या पिढीने तिन्ही प्रकार आणि वर आयपीएल असं बारा महिने खेळत हे केलं. शिवाय अलीकडच्या काही कसोटी खेळपट्ट्या म्हणजे पहिल्या दिवसापासून धुरळा. आपल्या गहुंज्याच्या मैदानाचीच २०१७ची आठवा. भारत १०५ आणि १०७, ऑस्ट्रेलियाच्या ओकीफचे दोन्ही डावांत पस्तीस-पस्तीस धावांत सहा-सहा बळी, आणि आयसीसीने त्या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला.

गहुंज्यावरून आठवलं. पत्रात तुम्ही लिहिलंय, “जावयांनी २०१९ला विराटचं द्विशतक मैदानात बसून पाहिलं, असं मुलगी सांगते.” नाबाद २५४, त्याची कसोटीतली सर्वोच्च खेळी. याच मैदानावर २०१७ साली तो ० आणि १३ होता, २०२४ला न्यूझीलंडविरुद्ध १ आणि १७. ऑक्टोबर २०१९ऐवजी यांतल्या दुसऱ्या कुठल्या सामन्याची तिकिटं मिळाली असती, तर जावईबापू कदाचित आज बुमराहचे भक्त असते! आपण कुठल्या दिवशी मैदानात होतो यावर आपली निम्मी निष्ठा ठरते. तुम्ही स्वतः २९ फेब्रुवारी १९९६ला स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर ‘लारा बघायला गेलो आणि केनिया बघून आलो’. वेस्ट इंडीज ९३ सर्वबाद, लारा ८. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य ते आहे. तिथे तुम्ही सरासरी सांगत नाही, मजा सांगता.

आणि “मुलगी सांगते” हे दोन शब्द पुन्हा वाचा. जावई त्या दिवशी तिथे होते, आणि वर्षभरात त्यांना तुम्ही स्वतः एकदाही विचारलं नाहीत की बाबा, कुठल्या स्टँडमध्ये होतात, ऊन किती होतं, दोनशे झाल्यावर त्याने काय केलं. तुमच्यासारख्या क्रिकेटवेड्याने हे विचारू नये याचं मला नवल वाटलं. की उत्तर ऐकताना त्यांच्या डोळ्यांत तेच दिसेल जे तुमच्यात सचिनच्या शारजातल्या खेळीबद्दल बोलताना येतं, याची धास्ती होती?

हायलाइट्सबद्दलही बोलायला हवं, कारण घाव तिथे बसलाय. “हायलाइट्स बघणाऱ्यांना क्रिकेट कळत नाही” हा तुमचा सिद्धान्त. मग कपिलच्या १७५चं काय करायचं? १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, ५ बाद १७, तिथून नाबाद १७५. त्या सामन्याचं चित्रणच झालं नाही. पूर्ण सामना सोडाच, त्याचे हायलाइट्ससुद्धा नाहीत. तरी तुमची अख्खी पिढी त्या खेळीची शपथ घेते. न बघता घेते. ऐकून, वाचून, एकमेकांना सांगून घेते. जावई निदान बघून तरी बोलतायत.

एक तक्रार माझीही. तुमच्या साडेतीन पानांत आणि तुम्ही लिहून पाठवलेल्या जावयांच्या युक्तिवादात एकही बाई नाही आणि क्रिकेटबाहेरचं एकही माणूस नाही. पाठलाग हाच निकष असेल तर जावयांच्या यादीत जेमिमा रॉड्रिग्ज हवी : २०२५च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९चं लक्ष्य, आणि ती नाबाद १२७. पल्ला हा निकष असेल तर तुम्ही मुरलीकांत पेटकरांचं नाव घ्यायला हवं होतं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला सैनिक, १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या कांस्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षं थांबावं लागलं. ते आणलं कोल्हापूर जिल्ह्यातल्या, बालेवाडीत सराव करणाऱ्या आणि तेव्हा रेल्वेत टीसीची नोकरी असलेल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने. त्याच्यावरून कुठल्या दिवाळसणाला भांडण झाल्याचं माझ्या कानावर नाही. झालं असतं तर मला आवडलं असतं.

तर, निर्विवाद कसोटी माझ्याकडे नाही, आणि असती तरी तुम्हाला दिली नसती. तुम्ही ती घेऊन रविवारी जावयांना ‘शांतपणे पटवून’ देणार, म्हणजे दिवाळीत जे चढ्या आवाजात झालं तेच खालच्या आवाजात करणार. जावई रुसलेत ते सचिन हरला नाही म्हणून थोडेच? आपल्या आईवडिलांसमोर, सासरी, पहिल्याच सणाला त्यांना अडाणी ठरवलं गेलं. विषय पुरणपोळीचा असता आणि वाक्य तेच असतं, तरी ते अर्ध्या तासात निघाले असते.

तुमच्या पत्नीचा तोडगा आपल्या घरांत फार लोकप्रिय आहे : म्हणून टाका विराट मोठा. मला तो पटत नाही. तुमच्या तोंडून ते वाक्य आलं की जावयांना लगेच कळेल की आपली समजूत काढली जातेय. लहान मुलाला ‘जिंकलास हो तू’ म्हणतात तसं. हायलाइट्सवाला टोमणा परवडला. दुसरा तोडगा काहीच न करण्याचा, होईल आपोआप ठीक. कधी कधी होतंही. पण इथे मधल्या मध्ये तुमची मुलगी अडकलीय; दर भेटीआधी ती इकडे एक सांगते आणि तिकडे दुसरं. तिने “तुम्हीच फोन करा” म्हटलं, त्यात थकवा आहे. तेव्हा फोन तुम्हीच करायचा, रविवारच्या आत, आणि थेट जावयांना. व्हॉट्सॲपवर नको, तिथे तुम्ही पुढे एखादी सरासरी चिकटवाल.

बोलायचं इतकंच : “दिवाळीत सगळ्यांसमोर मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं.” यापुढे ‘पण’ येऊ द्यायचा नाही. ‘पण तुम्हीही सचिनबद्दल...’ असं जिभेवर येईलच, तेव्हा पाणी प्या. ते बहुधा “अहो बाबा, काय एवढं मनावर घेताय” म्हणतील. म्हणू देत. मग विचारा, गहुंज्याला त्या दिवशी कुठे बसला होतात? आणि ऐका. मध्ये ‘आमच्या वेळी’ आणू नका.

तुम्हाला सांगायला तुमच्याकडेही आहे, फक्त ते वह्यांत नाही. पत्राच्या समासात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं तुम्ही लिहिलंय : २२ एप्रिल १९९८, शारजात वाळूचं वादळ आलं त्या रात्री मुलीला ताप होता, वर्षाची होती, तिला मांडीवर घेऊन एका हाताने कपाळावरची पट्टी बदलत तुम्ही सचिनचे १४३ बघितले, आणि ओरडता येत नव्हतं म्हणून उशीत तोंड खुपसलं. जावयांना हे माहीत आहे का? त्यांच्या बायकोची गोष्ट आहे ती. शंभर शतकांचा तक्ता त्यांना कुठेही मिळेल.

असंच भांडण ज्यांच्या घरात किंवा कट्ट्यावर चालतं, फेडरर-नदालवरून चालो की मेस्सी-रोनाल्डोवरून, त्यांनाही दोन गोष्टी सुचवते. वाद सुरू करण्याआधी प्रत्येकाने सांगावं की आपण काय मोजतोय : पल्ला, शिखर, दबावातला खेळ, की बघताना येणारी मजा. निम्मी भांडणं इथेच विझतात, उरलेली रंगतात. आणि मधूनच बाजू बदलून खेळा. दहा मिनिटं सचिनवाल्याने विराटची वकिली करायची, विराटवाल्याने सचिनची. दुसऱ्याची बाजू नीट मांडता येत नसेल तर आपल्यालाही ती फारशी कळलेली नाही, हे चारचौघांत उघडं पडतं आणि मंडळी जरा जपून बोलू लागतात. ‘तुला काय कळतं’ हे वाक्य मात्र कायमचं बाद. घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल तर दुप्पट बाद, कारण त्या वयात खेळावर मत मांडणं हे पुष्कळदा मोठ्यांशी मोठ्यांसारखं बोलायचा पहिला प्रयत्न असतो.

रविवारी टीव्ही जरूर लावा. बंद ठेवलात तर सगळ्यांचं लक्ष त्या बंद पडद्याकडेच राहील. रिमोट जावयांकडे द्या, आणि निदान पहिला डाव संपेपर्यंत कुणाचीही कुणाशी तुलना करू नका. वह्या मात्र कपाटातून काढून टीपॉयवर मांडू नका. त्यांनी मागितल्या तर द्या.

व्याह्यांचं राहिलंच. त्यांना वेगळा फोन करून विषय वाढवू नका. पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर, सहज, “तुमच्या चिरंजीवांनी गहुंज्याचे २५४ प्रत्यक्ष पाहिलेत, मी फक्त टीव्हीवर” एवढं म्हणा. जे बोलणं चारचौघांत झालं त्याची भरपाईही चारचौघांतच झालेली बरी. आणि एक सावधगिरी : व्याही तुमच्याच वयाचे आहेत, त्यामुळे ते गावसकरवाले असण्याचा संभव दाट आहे. तसं निघालंच तर त्यांना १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्याबद्दल, पदार्पणाच्या मालिकेतल्या त्या ७७४ धावांबद्दल मनसोक्त बोलू द्या. सगळे बिनहेल्मेटचे होते, हे ते सांगणारच. तुम्ही मान डोलवा, आणि सचिनला तेवढा वेळ पॅव्हेलियनमध्ये बसू द्या.